११५ वॉटचा ५०६० की ८० वॉटचा ५०७०? मुंबईत गेमिंग लॅपटॉप घेणाऱ्यांसाठी तुलना

गेमिंग लॅपटॉपसाठी पैसे बाजूला काढले की समोर साधारण तीन प्रकारची मशिन्स येतात. पहिला प्रकार १५.६ इंची, जाडजूड आणि त्यातल्या त्यात परवडणारा: लेनोवो एलओक्यू, असूस टफ, एसर नायट्रो, एचपी व्हिक्टस. दुसरा १६ इंची आणि खरोखर ताकदवान: लेनोवो लिजन, असूस आरओजी स्ट्रिक्स, एचपी ओमेन, एसर प्रिडेटर हेलिऑस. तिसरा १४ इंची, पातळ आणि देखणा: असूस झेफिरस जी१४, रेझर ब्लेड १४. पुढे सोयीसाठी त्यांना जाड, मोठा आणि पातळ म्हणू.

घोडं पेंड खातं ते पुढच्या पायरीवर. एकाच नावाखाली पाच-सहा कॉन्फिगरेशन विकली जातात आणि त्यांच्यातला फरक कधीकधी दोन ब्रँडमधल्या फरकापेक्षा मोठा असतो. त्यामुळे "लिजन चांगला की ओमेन?" या प्रश्नाला उत्तर नाही. आमचा सल्ला असा: ग्राफिक्स चिपला (शीर्षकातले ५०६० आणि ५०७० हे एनव्हीडियाच्या अशाच चिपचे क्रमांक) वॉट किती मिळतात, तिच्याकडे स्वतःची मेमरी किती आहे आणि मुंबईच्या हवेत ती थंड कशी राहणार, या तीन गोष्टी आधी बघा. ब्रँड, दिवे, कीबोर्डचे रंग सगळं त्यानंतर.

ग्राफिक्स चिप: इथे घाई करू नका

एनव्हीडियाची आरटीएक्स ५० मालिका लॅपटॉपमध्ये २०२५ साली आली. त्या वर्षी आलेल्या चिप्स अशा (क्युडा कोअर म्हणजे चिपमधले छोटे गणक, व्हीरॅम म्हणजे चिपची स्वतःची मेमरी, मेमरी बस म्हणजे त्या दोघांमधल्या रस्त्याची रुंदी):

| चिप | क्युडा कोअर | व्हीरॅम | मेमरी बस | वॉट (बूस्ट सोडून) |
|---|---|---|---|---|
| ५०५० | २,५६० | ८ जीबी | १२८ बिट | ३५ ते १०० |
| ५०६० | ३,३२८ | ८ जीबी | १२८ बिट | ४५ ते १०० |
| ५०७० | ४,६०८ | ८ जीबी | १२८ बिट | ५० ते १०० |
| ५०७० टीआय | ५,८८८ | १२ जीबी | १९२ बिट | ६० ते ११५ |
| ५०८० | ७,६८० | १६ जीबी | २५६ बिट | ८० ते १५० |
| ५०९० | १०,४९६ | २४ जीबी | २५६ बिट | ९५ ते १५० |

शेवटचा रकाना नीट वाचा. एकच ५०७० एका लॅपटॉपमध्ये ५० वॉटवर चालू शकते आणि दुसऱ्यात १०० वर. डायनॅमिक बूस्ट असेल तर प्रोसेसरच्या वाट्याचे १५ ते २५ वॉट गरजेनुसार ग्राफिक्सकडे वळतात. म्हणून ५०६० चे "११५ वॉट" असे आकडे जाहिरातीत दिसतात, ते १०० अधिक १५ असतात. स्टिकरवर मात्र सगळीकडे फक्त "आरटीएक्स ५०७०" एवढंच लिहिलेलं असतं. नाव मोठं लक्षण खोटं, असं होऊ नये म्हणून हा आकडा विचारून घ्यावाच लागतो.

आता शीर्षकातला प्रश्न. ५०६० आणि ५०७० मध्ये कोअरचा फरक सुमारे ३८ टक्के आहे. पण मेमरी तेवढीच, बस तेवढीच, वॉटची कमाल मर्यादाही तेवढीच. त्यामुळे दोन्हींना पूर्ण वॉट मिळाले तरी गेममध्ये हातात पडणारा फायदा ३८ टक्क्यांच्या जवळपासही नसतो. आणि ५०७० ला ८० वॉटवर बांधून ठेवलं की ११५ वॉटच्या ५०६० समोर अनेक गेममध्ये फरक उरत नाही. या दोघींतली निवड पैशांवर सोडा: सारख्याच वॉटवर ५०७० साठी दहा-बारा हजार जास्त मोजावे लागत असतील तर घ्या. पंचवीस-तीस हजार मागत असतील तर ५०६० घ्या आणि उरलेले पैसे स्क्रीन आणि रॅमवर लावा.

खरी उडी ५०७० टीआयला आहे. तिथे मेमरी आणि बस दोन्ही दीडपट होतात. ८ जीबी व्हीरॅम भरली की काय होतं, हे समजलं तर या उडीची किंमत कळते. टेक्श्चर (गेममधल्या वस्तूंवर चढवलेली चित्रं) ग्राफिक्स मेमरीत मावले नाहीत की चिप ते लॅपटॉपच्या साध्या रॅममधून ओढते आणि तो रस्ता कितीतरी सावकाश आहे. कोपऱ्यातला आकडा ७० एफपीएस (सेकंदाला तेवढ्या फ्रेम) दाखवत राहतो, पण वळण घेताना चित्र अडकतं, किंवा भिंतीवरचा मजकूर दोन सेकंद धूसर राहून मग स्पष्ट होतो. चिप कमजोर पडली असं वाटून लोक रिझोल्यूशन उतरवतात. त्याऐवजी फक्त टेक्श्चर क्वालिटी अल्ट्रावरून हायवर आणा, बहुतेक वेळा तेवढ्याने काम होतं. आणखी एक गोष्ट: फ्रेम जनरेशनही (मधल्या फ्रेम चिपने स्वतः तयार करणं) स्वतःसाठी व्हीरॅम घेतं. मेमरी आधीच काठोकाठ असेल तर ते चालू केल्यावर गेम नितळ होण्याऐवजी जास्त अडखळतो.

वॅलरंट, सीएस२, डोटा २, जीटीए ५ एवढंच खेळणार असाल तर ८ जीबी भरपूर झाली. २५६० बाय १६०० स्क्रीनवर सायबरपंक २०७७ सारखा गेम रे ट्रेसिंगसह (प्रकाश-सावल्यांचा खराखुरा हिशेब) चालवायचा असेल आणि लॅपटॉप चार-पाच वर्षं टिकवायचा असेल, तर १२ जीबीच्या खाली उतरू नका. ५०८० आणि ५०९० बद्दल थोडक्यात सांगायचं तर नावं डेस्कटॉप कार्डांचीच असली तरी १५०-१७५ वॉटवर ती कार्डांइतकं काम करत नाहीत. ब्लेंडर, व्हिडिओ एडिटिंग किंवा घरच्या मशीनवर एआय मॉडेल चालवणं हे तुमचं रोजचं काम असेल तरच तेवढे पैसे ओता.

वॉटचा आकडा शोधायचा कुठे? कंपनीच्या साइटवर त्या नेमक्या मॉडेल क्रमांकाच्या पानावर "टीजीपी" किंवा "मॅक्सिमम ग्राफिक्स पॉवर" असं लिहिलेलं असतं. लेनोवोची पीएसआरईएफ ही साइट यासाठी फार उपयोगी आहे, तिथे बॅटरीच्या वॉट-अवरपासून रॅमच्या स्लॉटपर्यंत सगळं मिळतं. दुकानात मशीन चालू असेल तर एनव्हीडिया कंट्रोल पॅनेलच्या हेल्प मेनूत सिस्टिम इन्फर्मेशन उघडा, तिथे हा आकडा दिसतो.

तेही जमलं नाही तर अडॅप्टर उलटा करून बारीक अक्षरं वाचा. आऊटपुटच्या ओळीत व्होल्ट आणि अँपिअर असतात, त्यांचा गुणाकार करा. २० व्होल्ट गुणिले ८.५ अँपिअर म्हणजे १७० वॉट, ११.५ असतील तर २३० वॉट, १५ असतील तर ३०० वॉट. आता हिशेब जुळवा: ग्राफिक्स ११५, प्रोसेसर ५५, स्क्रीन-पंखे-एसएसडी मिळून २५-३०, म्हणजे २०० च्या आसपास. अशा मशीनसोबत १७० वॉटचा अडॅप्टर दिला असेल तर एक तर खेळताना बॅटरी हळूहळू उतरत जाईल, नाहीतर लॅपटॉप स्वतःच ताकद कमी करेल.

मुंबईची हवा

परदेशी रिव्ह्यूमधली मोजमापं बहुधा २०-२२ अंशांच्या खोलीत घेतलेली असतात. आपल्याकडे एप्रिल-मे आणि ऑक्टोबरमध्ये एसी नसलेल्या खोलीत पारा ३१-३३ वर असतो. हीटसिंकचं (चिपची उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागाचं) काम चिप आणि खोलीच्या तापमानातल्या फरकावर चालतं, त्यामुळे खोली १० अंश गरम झाली की त्याच पंख्यांच्या वेगाला चिपही साधारण १० अंश वर चढते. रिव्ह्यूमध्ये ८६ अंशांवर थांबलेला प्रोसेसर दादरच्या वन बीएचकेमध्ये दुपारी ९६ वर जातो. इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीच्या एचएक्स (जास्त ताकदीच्या) प्रोसेसरची मर्यादा १०० अंश आहे, कोअर अल्ट्रा २०० एचएक्सची १०५, लॅपटॉपमधल्या ग्राफिक्स चिपची साधारण ८७. तिथे पोहोचलं की चिप आपला वेग कमी करते. मशीन यामुळे बिघडत नाही. पण पैसे दिलेत त्यातला काही भाग उन्हाळाभर मिळत नाही.

इथे तीन प्रकारांमधला फरक उघडा पडतो. मोठ्या लॅपटॉपला मागे आणि बाजूला मिळून चार ठिकाणी गरम हवा बाहेर पडायला जागा असते, पंखे जाड असतात आणि तांब्याच्या नळ्याही जास्त. जाड प्रकारात सरसकट तसं नसतं: काही मॉडेल्स उत्तम थंड राहतात, काहींमध्ये पैसे वाचवले आहेत ते नेमके हीटसिंकमध्ये. रिव्ह्यूमधला आतला फोटो शोधा आणि ग्राफिक्स व प्रोसेसर यांच्यामधून किती नळ्या जातात, हवा किती बाजूंनी बाहेर पडते ते बघा. पातळ प्रकाराचं गणित वेगळं. तो वॉट कमी ठेवूनच थंड राहतो, आणि मुंबईत मे महिन्यात त्यालाही धाप लागते. वरून पंख्यांचा आवाज जास्त चिरका, कारण छोटा पंखा तेवढीच हवा ढकलायला जास्त वेगाने फिरतो. रात्री घरात सगळे झोपलेले असताना खेळणार असाल तर हा मुद्दा हलका घेऊ नका.

उपायांमध्ये सर्वात स्वस्त आणि सर्वात परिणामकारक म्हणजे मागची बाजू दोन-तीन सेंटिमीटर उचलणं. पंखे हवा खालून ओढतात आणि टेबल त्या जाळीला जवळजवळ चिकटलेलं असतं. साधा स्टँड पुरतो. दोन-तीन निळ्या पंख्यांच्या स्वस्त कूलिंग पॅडने फारसं काही होत नाही. फोमची किनार असलेले, खालून दाबाने हवा भरणारे पॅड खरंच फरक पाडतात, पण आवाज व्हॅक्युम क्लीनरसारखा करतात आणि धूळही आत ढकलतात. खोलीत एसी असेल तर २६ वर ठेवला तरी पुरे. गादीवर, उशीवर ठेवून मात्र कधीच खेळू नका.

दमटपणाने कूलिंग बिघडत नाही, पण दोन त्रास होतात. वरळी, वर्सोवा, कार्टर रोड अशा समुद्राकाठच्या घरांत खारी हवा तांब्याच्या पात्यांवर आणि पोर्टवर काम करत राहते, म्हणून मशीन खिडकीपासून लांब ठेवा आणि बंद असताना उघड्यावर टाकू नका. दुसरं, एसी लोकलमधून किंवा एसी ऑफिसमधून जुलैच्या हवेत बाहेर पडलं की थंड धातूवर पाणी धरतं. घरी आल्यावर अर्धा तास बॅग उघडी ठेवून मगच मशीन चालू करा. बॅगेत सिलिका जेलच्या दोन-तीन पुड्या असू द्या.

प्रोसेसर: इथे पैसे वाचवता येतात

गेमला सहा ते आठ वेगवान कोअर लागतात. कोअर आय७-१४६५०एचएक्स किंवा त्या तोडीचा रायझन ७ असेल तर ५०७० टीआयपर्यंत काही कमी पडत नाही. ५०६० सोबत २४ कोअरचा आय९-१४९००एचएक्स घेणं म्हणजे पैसे आणि उष्णता दोन्ही वाया.

बॅटरीवर कॉलेज किंवा ऑफिसचं काम करायचं असेल तर इंटेलचे एचएक्स टाळा, रायझनचे एचएस प्रोसेसर रिकामे असताना बरीच कमी वीज खातात. पण त्यातही रायझन ७ ७४३५एचएस या नावाजवळ थांबा. त्याला स्वतःचं ग्राफिक्सच नाही. म्हणजे ब्राउझर उघडला तरी आरटीएक्स चिप जागी, आणि बॅटरी कितीही मोठी असो, लवकर संपणार. लॅपटॉप कायम टेबलावर राहणार असेल तर तो स्वस्तात मस्त सौदा आहे. रोज बाहेर नेणार असाल तर नको.

स्क्रीन, रॅम, एसएसडी

स्पेसिफिकेशनमध्ये "४५ टक्के एनटीएससी" दिसलं की पुढे चला. एनटीएससी आणि एसआरजीबी हे रंगांचे मापदंड; तो पॅनेल एसआरजीबीचे साधारण ६० टक्केच रंग दाखवतो आणि बहुधा २५०-३०० निट्सचा (हे उजेडाचं माप) असतो. गेम फिका दिसतो आणि फोटो-व्हिडिओचं काम तर विसराच. "१०० टक्के एसआरजीबी" हवंच. जाड प्रकारात एकाच मॉडेलला हे दोन्ही पॅनेल असतात, दुकानदारालाही ते ठाऊक नसतं, त्यामुळे मॉडेल क्रमांकावरूनच खात्री करा.

रिझोल्यूशन चिपशी जुळवा. १९२० बाय १२०० मध्ये २३ लाख पिक्सेल, २५६० बाय १६०० मध्ये ४१ लाख, म्हणजे पावणेदोनपट काम. ५०५० ला पहिली स्क्रीन योग्य, ५०७० टीआयला दुसरी. ५०६० आणि ५०७० मध्येच येतात, त्यांना दुसरी स्क्रीन डीएलएसएसच्या (कमी रिझोल्यूशनचं चित्र एआयने मोठं करण्याचं एनव्हीडियाचं तंत्र) क्वालिटी मोडवर चालते. ओलेड सुंदर दिसते यात वाद नाही. पण दिवसा खिडकीसमोर बसत असाल तर चकचकीत काचेत स्वतःचा चेहरा दिसत राहील, आणि एकच गेम रोज सहा तास खेळलात तर स्कोअर आणि नकाशाच्या जागी डाग उमटण्याचा धोका राहतो. तशांना आयपीएस (नेहमीची एलसीडी) बरी.

रॅम १६ जीबी किमान, आणि ती दोन पट्ट्यांत हवी. डीडीआर५-५६०० ची एक पट्टी सेकंदाला ४४.८ जीबी डेटा हलवते, दोन मिळून ८९.६. एकाच पट्टीवर चालणाऱ्या लॅपटॉपमध्ये सरासरी एफपीएस तर पडतोच, पण मधले झटके जास्त जाणवतात. "नंतर लॅमिंग्टन रोडवरून दुसरी पट्टी टाकू" हा वर्षानुवर्षं शहाणपणाचा सल्ला होता. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव असे चढले आहेत की आता आधी हिशेब करावा: कंपनी १६ वरून ३२ जीबीला किती जास्त घेते आणि सुटी पट्टी कितीला पडते. अनेकदा आतच बसवून आलेली स्वस्त पडते. पातळ प्रकारात हा प्रश्नच नाही, झेफिरससारख्यांत रॅम बोर्डावर सोल्डर केलेली असते, तेव्हा पहिल्याच दिवशी ३२ जीबी घ्या. एसएसडी १ टीबी घ्या आणि दुसरा एम.२ स्लॉट रिकामा आहे का ते विचारा. काही जाड मॉडेल्समध्ये तो नसतो.

वजन आणि वीज

मोठा लॅपटॉप अडीच किलोच्या आसपास आणि त्याचा अडॅप्टर पाऊण ते एक किलो. डोंबिवलीहून सकाळच्या फास्टला हे पाठीवर घेऊन चढणं एक दिवस जमतं, रोज नाही. गर्दीत बॅग पुढे छातीशी धरावी लागते आणि दाब थेट झाकणावर येतो, स्क्रीन फुटते ती अशी. रोजचा प्रवास असेल तर पातळ घ्या, किंवा जाड घरी ठेवून कामाला वेगळं काहीतरी वापरा. टाइप-सी चार्जिंग आहे का बघा: ६५ किंवा १०० वॉटच्या छोट्या चार्जरवर दिवसभराचं काम भागतं आणि मोठी वीट घरी राहते. गेमिंग मात्र मूळ अडॅप्टरवरच, टाइप-सीवर चिपला अर्धीच वीज मिळते.

२३० वॉटच्या अडॅप्टरला १६ अँपिअरचा पॉइंट लागत नाही, साधा ६ अँपिअरचा चालतो. अर्थिंग मात्र हवं. जुन्या चाळी-इमारतींत तिसऱ्या भोकात वायरच नसते, मग धातूच्या बॉडीवर हात ठेवला की मुंग्या येतात. इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. विजेच्या बिलाची धास्ती नको: २०० वॉट, रोज तीन तास, महिन्याला १८ युनिट.

मग कुणी काय घ्यावं

घरीच खेळणार, बजेट आखडतं, बहुतेक ऑनलाइन गेम: जाड, ५०६० पूर्ण वॉटची, १०० टक्के एसआरजीबी स्क्रीन. मोठे सिंगल-प्लेअर गेम आणि चार-पाच वर्षांची सोबत: मोठा, ५०७० टीआय. या जागी ५०७० असलेला मोठा लॅपटॉप आम्ही सुचवत नाही, कारण दणकट बॉडीचे पैसे देऊन ८ जीबीवर अडकणं बरोबर नाही. रोज लोकलने कॉलेज-ऑफिस आणि संध्याकाळी गेम: पातळ, ३२ जीबी, आणि चिपकडून जास्त अपेक्षा नको. लॅपटॉप टेबलावरून कधीच हलणार नसेल तर डेस्कटॉपचा विचार करा, तेवढ्याच पैशांत तो जास्त देतो. पण भाड्याच्या घरात दर अकरा महिन्यांनी सामान हलवणाऱ्यांना लॅपटॉपच बरा.

खरेदी

शोरूम, ऑनलाइन आणि लॅमिंग्टन रोड, तिन्हीकडचे भाव एकाच दिवशी काढा. ग्रँट रोड स्टेशनच्या पूर्वेला उतरलात की चालत लॅमिंग्टन रोड. बरीच दुकानं रविवारी बंद असतात, शनिवारी जा. घासाघीस होते, पण "बिलाशिवाय एवढे कमी" ऐकलं की निघा. लॅपटॉपवर १८ टक्के जीएसटी आहे आणि पक्कं बिल नसेल तर वॉरंटीला अर्थ नाही. सील फोडण्याआधी खोक्यावरचा सीरियल नंबर कंपनीच्या साइटवर टाका: वॉरंटी भारतातली आहे का आणि आधीच सुरू झालेली आहे का, दोन्ही तिथेच कळतं. नो-कॉस्ट ईएमआयवरही बँक व्याजाच्या रकमेवर जीएसटी लावते, तो धरून किंमत ठरवा. अपघाती नुकसानीचं कवच पहिल्या वर्षासाठी तरी घ्या, लोकलने फिरणाऱ्यांनी तर नक्कीच.

पहिला आठवडा

परत करण्याची मुदत संपायच्या आत सगळं तपासायचं आहे. क्रिस्टलडिस्कइन्फो या ॲपमध्ये एसएसडीचे पॉवर-ऑन तास बघा, नव्या मशीनला ते दोन अंकी आकड्याच्या वर नसावेत. विंडोजच्या बॅटरी रिपोर्टमध्ये डिझाइन कपॅसिटी आणि फुल चार्ज कपॅसिटी जवळपास सारखी हवी. अंधाऱ्या खोलीत पूर्ण काळी आणि पूर्ण पांढरी प्रतिमा लावून मेलेले पिक्सेल आणि कडेने गळणारा उजेड शोधा.

मग खरी परीक्षा: एचडब्ल्यूइन्फो (तापमान आणि वॉट दाखवणारं ॲप) चालू ठेवून, एसी बंद करून, जड गेम अर्धा तास खेळा. ग्राफिक्स पॉवर शेवटच्या दहा मिनिटांत ठरलेल्या वॉटजवळ टिकून आहे का बघा. ११५ च्या जागी ७० दिसत असतील तर आधी परफॉर्मन्स मोड तपासा, मग अडॅप्टर मूळचाच आहे ना, मग ड्रायव्हर. त्याच खिडकीत "परफॉर्मन्स लिमिट"च्या ओळी असतात. थर्मलसमोर "यस" आलं तर दोष कूलिंगचा, पॉवरसमोर असेल तर वॉटची मर्यादा गाठली, तेवढं ठीक आहे.

बायोस (मशीन सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करण्याआधी विंडोजच्या बिटलॉकर या एन्क्रिप्शनची रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. नव्या विंडोज ११ मध्ये ड्राइव्ह बहुधा आपोआप एन्क्रिप्ट होतो, बायोस बदलला की मशीन ४८ अंकी की मागू शकतं आणि ती नसेल तर डेटा गेला. वॅलरंटसाठी सिक्युअर बूट आणि टीपीएम २.० या बायोसमधल्या सुरक्षा सोयी चालूच राहू द्या.

मक्स स्विच (स्क्रीन थेट आरटीएक्स चिपला जोडणारी सोय) असेल तर टेबलावर डिस्क्रीट मोड (फक्त आरटीएक्स), बाहेर हायब्रिड (आरटीएक्स गरजेपुरती). बाहेर बॅटरी झटपट उतरत असेल तर आधी हाच मोड तपासा, बहुतेकदा तो बदलायचा राहून गेलेला असतो. सतत प्लगला राहणाऱ्या मशीनची चार्जिंग मर्यादा कंपनीच्या ॲपमधून ८० टक्क्यांवर आणा. १६५ हर्ट्झची स्क्रीन असेल तर एनव्हीडिया ॲपमध्ये फ्रेमची मर्यादा १६० ठेवा: मेनू स्क्रीनवर चारशे एफपीएस काढत पंखे घोंघावणं थांबतं.

तापमान उतरवण्यासाठी "मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट ९९ टक्के" ही युक्ती सगळीकडे सांगितली जाते. एचएक्स प्रोसेसरवर ती करू नका. टर्बो बंद होतो आणि आय७-१४६५०एचएक्ससारखा प्रोसेसर ५.२ वरून थेट २.२ गिगाहर्ट्झच्या मूळ वेगावर येतो, गेम अडखळायला लागतो. त्याऐवजी कंपनीच्या ॲपमधल्या कस्टम मोडमध्ये प्रोसेसरची दीर्घकालीन पॉवर मर्यादा ४५-५५ वॉटवर बांधा. बायोसमध्ये अंडरव्होल्ट (चिपला कमी व्होल्टेज देणं) दिलेलं असेल तर उणे ५० मिलिव्होल्टपासून सुरू करून १०-१० ने खाली जा, मशीन अडकलं की २० ने परत वर या. ग्राफिक्ससाठी आफ्टरबर्नर या ॲपमध्ये आधी गेममध्ये चिप किती व्होल्टवर चालते ते बघा, कर्व्ह एडिटरमध्ये त्याच व्होल्टला १०० मेगाहर्ट्झ वाढवा आणि पुढची रेषा सपाट करा. तेवढ्याच वॉटमध्ये थोडा जास्त वेग मिळतो.

दर पाच-सहा महिन्यांनी सफाई. मागचं झाकण काढल्यावर पंखे स्वच्छ दिसतात, म्हणून लोक फसतात. कचरा साठतो तो पंखा आणि तांब्याच्या पात्यांच्या मधल्या फटीत: गादीचा कापूस, केस आणि धूळ मिळून नमद्यासारखा एक राखाडी थर, जो वरून दिसतच नाही. मशीन बंद करा, अडॅप्टर काढा, झाकण उघडल्यावर सर्वात आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवा. स्क्रू कुठल्या भोकातला कुठला ते कागदावर मांडून ठेवा, लांबी वेगवेगळी असते आणि लांब स्क्रू चुकीच्या जागी घातला तर कीबोर्डकडून टोक वर येतं. पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा आणि बाहेरच्या जाळीतून आत हवा मारा, थर उलटा सुटून येतो. पातं मोकळं सोडलं तर ते हवेने भरमसाट फिरून बेअरिंग खराब होतं. आतमध्ये लिक्विड मेटल (चिप आणि हीटसिंकमधला द्रवरूप धातूचा थर) असेल, आरओजीच्या बऱ्याच मॉडेल्समध्ये असतं, तर हीटसिंकला हात लावू नका: त्यातलं गॅलियम बोर्डावर सांडलं तर शॉर्ट होतं आणि ॲल्युमिनियमला खातं. तेवढं काम सर्व्हिस सेंटरवरच सोपवा, आणि वॉरंटीत असताना झाकण उघडायला हरकत नाही ना, हे त्यांच्याकडून ईमेलवर लिहून घ्या.